काठावरचं कोरडं लुगडं

अणशीजवळची वाडी
२० नोव्हेंबर २०२४

माझ्या बाळा रक्षे,

तुझं पत्र पोचलं. वासू टपालवाला आला तवा मी खळ्यावर भात वारवत हुते, तोंडभर भुसा. तो म्हणाला, "आज्जी, रामनगरच्या नातीचं पत्र हाय, वाचून दाखवू?" मी म्हटलं, "का रे, माझे डोळे काय तू पिशवीत घालून नेलेस?" खानापुरातल्या माहेरात तिसरीपर्यंत शाळा शिकलेली बाई मी. हळू वाचते, पण दुसऱ्याच्या तोंडानं वाचत न्हाई. इथं फोनला रेंज न्हाई म्हणून सगळी रडतात, मी आपली खूश. फोनवरचं बोलणं तिथल्या तिथं संपतं. पत्र उशाखाली ठेवता येतं.

तर तू लिवलंस की संक्रांतीच्या आधीच्या रविवारी तुझा बाप्तिस्मा हाय, तुझ्या बापाच्या मंडळीत, आणि आज्जी तू आलंच पाहिजेस. आणि हे पण लिवलंस की तुझी आई म्हणत हुती आज्जीला एवढ्यात कळवू नको, पण पाळकसाहेब म्हणाले, जिनं तुला लहानाची मोठी केली तिला आधी तूच सांग, दुसऱ्याकडनं कळायला नको. त्या पाळकाला माझा नमस्कार. आणि कमलला सांग, माझ्या पोटी येऊन माझ्यापासनंच लपवतीस व्हय ग!

मला राग आला न्हाई. तुझ्या आईनं विनोदशी लग्न केलं तवा जेवढा यायचा तेवढा येऊन गेला. मग तू झालीस, आणि तो राग मी कुठं ठेवला ते मला पुन्हा सापडलंच न्हाई. जावई देवळात येत न्हाई खरं, पण माकडांनी फोडलेली कौलं दर वर्षी येऊन बदलून देतो. देवळात येणारे माझे चुलतपुतणे खाली उभं राहून "सांभाळून हं" म्हणतात.

पण मला काही कळलं न्हाई ते विचारते. हे म्हंजे आपल्या न्हाणासारखं काय? तुला न्हाण आलं तवा पाटावर बसवून, हळद लावून, ऊन ऊन पाणी घातलं हुतं, तू गुदगुल्या होतात म्हणून पळालीस आणि पिवळीधमक होऊन शेजारच्या गोठ्यात लपलीस. तसं असलं तर हळद मी आणते, घरची हाय. जोयड्याच्या फर्नांडिसबाईच्या नातवाचं मी बगितलंय. फादरनं वाटीनं थोडं पाणी डोक्यावर घातलं, पोरगं किंचाळलं, आम्हांला केक मिळाला. ते तान्हं हुतं. तुझं एवढी घोडी झाल्यावर कसं? तवा तुझा बाप विसरला हुता काय? आणि नाव बदलणार असतील तर आत्ताच सांगते, नारळी पुनवेला झालीस म्हणून रक्षा नाव मी ठेवलंय. ते बदलायचं झालं तर मी तिथं येऊन पाळकाच्या दारात बसेन.

पाणी गरम असतंय न्हवं? तुझी छाती लहानपणापासनं नाजूक.

तांबड्या गाईला पाडी झाली. कपाळावर चांद हाय. नाव तू सुचव.

तुझी आज्जी,
पुतळी


रामनगर
१ डिसेंबर २०२४

लाडक्या आज्जी,

पाडीचं नाव चांदणी. बाबांनी सुचवलं, पण मी सुचवलं म्हणून सांग, नाहीतर तू ठेवणार नाहीस.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. "लपवतीस व्हय ग" आल्यावर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि मग चहा टाकायला आत गेली. आमच्या घरी कसं आहे तुला माहीत आहे. आई सकाळी तिच्या देवापुढं दिवा लावते, बाबा अंगणात बसून प्रार्थना करतात, आणि चहा मात्र एकाच भांड्यात होतो. मला दोघांनीही कधी ओढलं नाही. म्हणून तर इतकी वर्षं लागली.

आता तुझे प्रश्न. नाव बदलणार नाही. पाळकसाहेबांना मी तुझी धमकी सांगितली, ते म्हणाले, "रक्षा हे नाव छानच आहे, दारात बसायची गरज नाही, घरात बसायला सांग."

फर्नांडिसबाईंच्या चर्चमध्ये तान्ह्या मुलालाच देतात. आई-बाप त्याच्या वतीनं देवाला शब्द देतात. तीही जुनी रीत आहे, त्यात चूक काही नाही. आमच्या मंडळीत माणूस मोठा होऊन स्वतः म्हणेपर्यंत थांबतात. बाबा विसरले नव्हते, आज्जी, ते वाट बघत होते. मी विचारलं तेव्हासुद्धा पाळकसाहेब लगेच हो म्हणाले नाहीत. "बापाला बरं वाटावं म्हणून येतेस का? मैत्रिणीनं घेतला म्हणून येतेस का?" असं विचारून घरी पाठवलं. पुन्हा गेले तर पुन्हा तेच. शेवटी मी चिडून म्हणाले, "तुम्हांला मला घ्यायचंच नाही का?" तेव्हा हसले आणि म्हणाले, "आता तू बोललीस."

न्हाणासारखं नाही गं हे. अंगाचा मळ काढायचा नसतो. पाण्यात जादू नसते, साधंच पाणी असतं, आपण पितो तेच. येशू स्वतः यार्देन नदीत उतरला होता, आणि त्याला तर धुवायचं काहीच नव्हतं. हा देवाला सगळ्यांसमोर दिलेला शब्द आहे. तो मेला, त्याला पुरलं आणि तो पुन्हा उठला, त्या सगळ्यात मी त्याच्याबरोबर आहे, असं अंगानं सांगायचं. म्हणून वाटीभर पाणी न घालता पूर्ण पाण्याखाली नेतात. पाण्याखाली जाणं म्हणजे पुरलं जाणं. जुनी रक्षा मेली असं.

आणि आज्जी, एक मागणं आहे. प्रत्येकाचं घरचं कुणीतरी काठावर कापड घेऊन उभं राहतं. आई येणार आहे, पण मला कापड तुझ्याकडून पाहिजे. माझ्या आजोळकडून. आणशील ना?

पाण्याची सोय मंडळी बघते, त्याची काळजी करू नकोस.

तुझी,
रक्षा


अणशीजवळची वाडी
१४ डिसेंबर २०२४

रक्षास,

पत्र पोचलं. इकडं सगळं ठीक हाय. पाडीचं नाव चांदणी ठेवलं.

माझा गुडघा दुखतोय. जीपनं तेवढ्या लांब बसून यायला जमायचं न्हाई. तुमचं कार्य तुम्ही करून घ्या.

कापड मी आणणार न्हाई. ते आजोळकडनं मागायची गोष्ट हाय व्हय? तू मागितलंस तरी कसं? येसाजी भावजींना मी सांगितलं न्हाई, त्यांचं डोकं आधीच तापट.

थंडी लई हाय. छाती सांभाळ.

पुतळी


रामनगर
२० डिसेंबर २०२४

माझी आज्जी,

तुझं एवढं छोटं पत्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तुझ्या पत्राला शेवटी जागा पुरत नाही म्हणून तू कडेनं उभं लिहितेस. या वेळी अर्धा कागद कोरा. मी तो उलटसुलट करून बघितला.

मला वाटलं, तू रागावलीस. वाटलं येसाजी आज्जांनी तुझे कान भरले, नात आता दुसऱ्यांची झाली म्हणून. संध्याकाळी जेवले नाही. पाळकसाहेबांकडे जाऊन तारीख पुढं ढकला म्हणून सांगायचं असं ठरवलंसुद्धा. तू नसताना मला पाण्यात उतरायचंच नव्हतं.

मग आईनं ते पत्र हातात घेतलं, वाचलं, आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, "अगं खुळे, तू माझ्या आईला काय काय लिहिलंस?" मी सांगितलं. पुरणं म्हटलं, जुनी रक्षा मेली म्हटलं, मग आजोळकडून कापड मागितलं. आई म्हणाली, "आपल्यात बाई गेली की तिच्या माहेरचं कापड यावं लागतं. ते अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत न्हाईत. तुझ्या आज्जीनं तिच्या सख्ख्या बहिणीला नेलंय ते कापड. आणि तू तिला म्हणतीस, मला पुरणार हाईत, माझं कापड घेऊन काठावर ये!"

आज्जी, मी तिथंच खाली बसले. मला हसू येत होतं आणि रडूही. मला ही रीत माहीत नव्हती गं. माझ्यासमोर आपल्या घरात असं कधी झालंच नाही, देवाची कृपा.

आता नीट सांगते. पुरणं खरं आहे, पण तिथं ठेवत नाहीत! पाळकसाहेब पाठीखाली हात घालतात, एका श्वासापुरतं खाली नेतात, आणि लगेच वर काढतात. खाली जायचं ते वर येण्यासाठी. तो उठला म्हणून तर हे सगळं आहे, नाहीतर कुणी कशाला पाण्यात उतरलं असतं? मी मरणाचंच लिहीत बसले आणि उठण्याचं घाईत राहून गेलं. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अर्धंच सांगितलंस म्हणजे निम्मा बाप्तिस्मा झाला, बाई पाण्यातच राहिली."

आणि कापड खाली जाणारीसाठी नाही. वर येणारीसाठी आहे. भिजलेली, कुडकुडणारी, नाकात पाणी गेलेली. तुझ्याकडे ओढ्यावरून आल्यावर तू जशी चुलीपुढं बसवून डोकं पुसायचीस ना, कान लाल होईपर्यंत, तसं कुणीतरी हवंय मला. ते दुसऱ्या कुणाला जमत नाही. आई हळू पुसते.

आणखी एक मी तुझ्यापासून लपवलं होतं. पाण्याची सोय म्हणजे हौद वगैरे काही नाही. सुप्याच्या धरणाचं पाणी आमच्या बाजूला पसरलंय ना, जिथं गुरं पाण्यावर जातात, त्या काठावर, सकाळीच आहे. गरम बिरम काही नाही. तुला कळलं तर तू येऊ देणार नाहीस म्हणून लिहिलं नव्हतं.

गुडघा खरंच दुखतोय का?

तुझीच,
रक्षा


अणशीजवळची वाडी
३० डिसेंबर २०२४

रक्षे, ए माझ्या खुळ्या पोरी,

गुडघा दुखतो, पण तो रोजच दुखतो. त्याला विचारून मी कुठं जायचं ठरवत न्हाई.

तुझं पत्र आलं तवा मी तांदूळ निवडत हुते. वाचून झालं, सूप बाजूला ठेवलं आणि एकटीच एवढी हसले की चांदणी दाव्याला हिसके द्यायला लागली. येसाजी भावजी धावत आले, "वैनी, काय झालं, विंचू चावला काय?" मग त्यांना सगळं सांगावंच लागलं.

त्यांचं व्हायचं तेच झालं. "नात बाटली म्हणतील लोक." मी म्हटलं, "भावजी, ती जन्मापासनं बापाच्या घरची हाय, ती कशी बाटेल? बाटली तुमच्या खिशात असते शनिवारी." मग म्हणाले, "कुणी जबरदस्ती तर केली न्हाई न्हवं?" म्हटलं, "जबरदस्ती? तो पाळक तिला परत परत घरी पाठवत हुता, हीच त्याच्या उरावर बसली." तवा जरा हसले. मग बराच वेळ विडी ओढून म्हणाले, "धरणात मगर असते काय?" म्हंजे येणार हाईत. मगर बगायला.

आता कापडाचं. ह्या पंधरा-वीस दिवसांत मी काय काय मनात आणलं ते तुला सांगत न्हाई. ट्रंक उघडायची, बंद करायची. बहिणीला नेलेलं ते हिरवं कोरं लुगडं डोळ्यापुढनं हलेना. पण तुझं पत्र आल्यावर मी पुन्हा ट्रंक उघडली आणि मला एक गोष्ट सुचली, ती कुणी शिकवलेली न्हाई.

मेलेल्या माणसाला कोरं कापड लागतं. घडी न मोडलेलं. पण जन्मलेल्या पोराला कोरं कधी घालत न्हाईत. नवं कापड बोचतं. त्याला आज्जीचं जुनं लुगडं लागतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. तू झालीस त्या दिवशी ओढा भरून वाहत हुता, जोयड्याला न्यायला जीप मिळेना, कमल माझ्याच घरात बाळंत झाली. तुला पहिलं गुंडाळलं ते माझ्या निळ्या लुगड्यात. ते अजून हाय. एका टोकाला उंदरानं खाल्लंय, बाकी चांगलं हाय. तर कोरं मी आणत न्हाई, ते निळं आणते. मग ज्याला जे समजायचं ते समजू दे, मला समजलं.

जुनी रक्षा मरणार म्हणतीस, त्यावर माझं थोडं बोलणं हाय. तुझ्या आईला निरोप दिला हुता, तिनं उलट सांगून धाडलं की मरतो तो आपल्यातला खोटेपणा, गर्व, हट्ट, असं पाळक सांगतात. खोटेपणा मरू दे. गर्व तुला न्हाईच, नाकावर एवढा मोठा फोड आला तरी लग्नात नाचलीस. पण हट्ट सगळा मारू नका म्हणावं. थोडा ठेवा. हट्ट नसता तर तू पाळकाकडनं पहिल्यांदाच गप घरी आली असतीस. आणि माझ्याकडं कोण हट्ट करणार मग, चांदणी?

खरं सांगू? भीती एवढीच हुती. तू खाली जाशील ती माझी, आणि वर येईल ती कुणा दुसऱ्यांची, मला ओळख तर देईल न्हवं? तू पुसायला मलाच बोलावलंस तवा ती बरीचशी गेली. थोडी हाय अजून. ती काठावर आल्यावर बगू.

आता पाणी. धरणाचं पाणी! पौषात! सकाळच्या पारी! तुझ्या पाळकाला आज्जी न्हाई काय? तूच लिवलंस की पाणी साधंच असतं, त्यात काही जादू न्हाई. बरं. मग साधं पाणी गरम असलं तर देवाचं काय बिघडतं? मी तांब्याचा मोठा हंडा घेऊन येते. झिलूच्या जीपला सांगितलंय. तीन दगड तिथं मिळतीलच, लाकडं मी आणते, तिथली ओली असतील. तू पाण्यात उतरायच्या जरा आधी मी ते तुझ्या आजूबाजूला ओतणार. पाळकाला विचारून ठेव. न्हाई म्हणाला तरी ओतणार, पण विचारून ठेव.

तुझ्या त्या धरणाखाली आमचं जुनं सुपं गाव हाय, तुला ठाऊक हाय न्हवं? सुप्याचा बाजार. लग्नाच्या बांगड्या मी तिथंच भरल्या. कासाराने हात एवढा दाबला की मी रडले, आणि तुझा आज्जा, तवा नवरा झाला नव्हता अजून, लांबनं बगून हसत हुता. सगळं पाण्याखाली गेलं. आता कागद संपला. कडेनं लिहिते. न्हाणासारखं न्हाई म्हणालीस तरी हळद आणते, चहात घालायला, छातीला बरी.

तुझी आज्जी


रामनगर
५ जानेवारी २०२५

आज्जी,

घाईत लिहितेय, वासूकाकांना हे वेळेत मिळालं पाहिजे.

हंड्याचं पाळकसाहेबांना विचारलं. ते आधी हसले, मग डोळे पुसून पुन्हा हसले. म्हणाले, "एका हंड्यानं धरण तापायचं नाही, पण आणू दे. यार्देनच्या काठावर आज्ज्या असत्या तर तिथंही चूल पेटली असती." मंडळीतल्या बायका आता तुझी वाट बघताहेत. एकजण म्हणाली, "त्या आज्जींना आमच्या सुनेच्या वेळी पण पाठवा."

निळं लुगडं वाचून मी पत्र छातीशी धरलं. उंदरानं खाल्लेलं टोक आधी कापू नकोस हं.

ओळख देईन, आज्जी. तूच बघ.

तुझी,
रक्षा


अणशीजवळची वाडी
१६ जानेवारी २०२५

माझ्या रक्षे,

घरी सुखरूप पोचलो. परतीच्या वाटेवर झिलूनं जीप दोनदा थांबवली, एकदा गव्यांसाठी, एकदा येसाजी भावजींसाठी. तुमच्याकडचे पोहे त्यांनी जरा जास्तच खाल्ले हुते.

तिळगूळ पाठवते. खरं तर परवा संक्रांतीलाच पाठवायचा, पण दोन दिवस वाडीतली बायामाणसं येत हुती, सांगून सांगून माझा घसा बसला. आणि मग मला आठवलं, सगळ्यांना सांगितलं, पण तुलाच सांगितलं न्हाई. तू म्हणशील, मी तिथंच हुते की. हुतीस, पण मधला जो भाग तो तू बगितला न्हाईस. तू पाण्याखाली हुतीस. म्हणून लिहिते.

आम्ही आलो तवा तुम्ही सगळी गाणी म्हणत हुता. मी दगड मांडले, चूल पेटवली, हंडा चढवला. पाळकसाहेब स्वतः फुंकणीशिवाय फुंकायला वाकले आणि डोळ्यात धूर घालून घेतला. चांगला माणूस हाय, चूल पेटवता येत न्हाई. येसाजी भावजी त्यांना दाखवत हुते की जुनं सुपं कुठल्या बाजूला, देऊळ कुठं, संत म्हंजे आठवडी बाजार भरायचा ती जागा कुठं. पाळकसाहेब म्हणाले, त्यांच्या वडलांचं शेत पण तिकडंच बुडलं, म्हणून तर त्यांच्या घरची सगळी रामनगरात आली. मग काय, दोघं भाऊ भेटल्यासारखे. मगरीचं भावजी विसरूनच गेले.

तुझं सगळ्यांपुढचं बोलणं मी ऐकलं. पाळकानं विचारलं, तू स्वतःहून आलीस काय, आणि तू मोठ्यानं व्हय म्हणालीस. तो आवाज मला ठाऊक हाय. लहानपणी "मी एकटी ओढ्यापलीकडं जाणार" म्हणायचीस तोच. विनोदराव रुमाल काढून नाक पुसत हुते. कमल एका हातानं माझा पदर धरून उभी, लहानपणी बाजारात धरायची तसा.

मग मी हंडा ओतला. सगळी हसली, मी पण हसले. एवढ्या मोठ्या पाण्यात ते गरम पाणी कुठं गेलं ते मला पण कळलं न्हाई. जरा वाफ निघाली, बस. पण मी ओतलं. अर्धा हंडा मात्र मी राखून ठेवला हुता, ते कुणाला सांगितलं न्हवतं.

आता तुझं न बगितलेलं.

पाळकसाहेबांनी पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं, तुझ्या पाठीखाली हात घातला, आणि तू गेलीस. पाण्यावर तुझी वेणी जरा राहिली, मग ती पण गेली. गाणारे थांबले. येसाजी भावजींनी माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडी रुतली. आणि मला एकदम ते कासाराचं दुकान दिसलं, तो बाजार, तुझा आज्जा हसताना, सगळं तिथंच त्या पाण्याखाली, आणि वाटलं, ह्या पाण्यानं जे नेलं ते कधी परत दिलं न्हाई. एक श्वास म्हणाली हुतीस. एक श्वास किती मोठा असतो ते तू खाली हुतीस म्हणून तुला कळणार न्हाई. तो माझा श्वास हुता.

आणि तू वर आलीस.

ह्या पाण्यानं पहिल्यांदाच काहीतरी परत दिलं, रक्षे. मी बगितलं.

काठावर उभं राहायचं असतं, हे मला ठाऊक हुतं. कमलनं दोनदा सांगितलं हुतं. पण माझे पाय कुठं ऐकतात? गुडघाभर पाण्यात शिरले, निऱ्या सगळ्या भिजल्या. लुगडं मात्र डोक्यावर धरलं हुतं, ते कोरडं राहिलं. तुला गुंडाळलं, डोकं पुसायला लागले. तू डोळे मिटूनच हुतीस, ओठ निळे, दात वाजत हुते. मी मनातल्या मनात म्हणत हुते, आता डोळे उघडेल, आता बगू कोण हाय ही.

तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "आज्जी, पाणी गारच हुतं. आणि हळू पूस की, कान तुटतो!"

तवा ती उरलेली भीती गेली. कुठं गेली बगितलं न्हाई, पाण्यात पडली असेल.

तुला वाटलं असेल आज्जी रडली. धूर हुता तो.

राखून ठेवलेलं पाणी मी मग सगळ्यांच्या पायांवर घातलं, तुझ्या, तुझ्याबरोबर पाण्यात उतरलेल्या दुसऱ्या दोन पोरींच्या, आणि पाळकसाहेबांच्या पण. तो बिचारा सगळ्यांत जास्त वेळ पाण्यात, आणि त्याच्या घरचं कुणी कापड घेऊन उभं न्हवतं. पाय पुढं करायला लाजत हुता. म्हटलं, "आणा हो इकडं, तुमच्या आज्जीनं नसतं का घातलं?" मग त्यानं दिले. पुसायला मी लुगड्याचं उंदरानं खाल्लेलं टोक वापरलं, म्हणून बरं झालं कापलं न्हवतं.

येसाजी भावजी काल वाडीत सांगत हुते, "लई चांगलं कार्य झालं, मान दिला त्यांनी. माणूस पाण्यात जातो आणि वर येतो, आणि मग पोहे देतात." एवढं त्यांना कळलं. मला थोडं जास्त कळलं. बाकीचं तू उन्हाळ्यात ये आणि सांग, चुलीपुढं बसून. चांदणी आता लाथा मारायला शिकली हाय, तुझ्यावरच गेली.

लुगडं परत पाठवू नको. तुझ्याकडंच असू दे, धूत राहा, अजून मऊ होईल. तुला पोर होईल तवा पहिलं त्यातच गुंडाळ. मग ते मोठं झाल्यावर पाण्यात कधी उतरायचं, उतरायचं का न्हाई, ते त्याचं त्याला ठरवू दे. तू फक्त काठावर उभी राहा. आणि पाय भिजले तर भिजू देत.

तुझी आज्जी,
पुतळी